नोकरी सोडली की शिष्य होता येतं का?

"ताई, मी नुसता रविवारचा ख्रिस्ती आहे. खरा शिष्य व्हायचं तर सगळं सोडावं लागेल ना?"

नवापूरपासून भुसावळपर्यंत हा प्रश्न मी कितीतरी तरुणांच्या तोंडून ऐकलाय. कोणी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो, कोणी पोलिसात, कोणी रेल्वेत. येशूच्या मागे जाणं म्हणजे बायबल कॉलेज नाहीतर पूर्णवेळ सेवा, आणि आपण मात्र बाकावर बसून गाणी म्हणणारे, ही सगळ्यांचीच खंत.

त्यातला एक नंदुरबार जिल्ह्यातला, बचत गटांच्या कर्जाची वसुली करणारा. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.) रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ढोलक वाजवायचा. झोप उडाली होती. राजीनामा लिहून खिशात घेऊनच आला होता.

पहिल्या काही भेटींत तो फक्त पाचारणाबद्दल, म्हणजे देवाच्या बोलावण्याबद्दल बोलला. मी ऐकून घेतलं. माझा अनुभव असा, की माणूस मोठ्या त्यागाची भाषा बोलतो तेव्हा जवळच एखादी छोटी, अवघड गोष्ट राहून गेलेली असते. म्हणून मी त्याला देवाबद्दल काही विचारलं नाही. गेल्या आठवड्यात कोणाकोणाच्या दारात गेलास, तेवढं सांग म्हटलं.

एका घरापाशी तो अडखळला. नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेलेला, बाई एकटी, दोन हप्ते थकलेले. हा रात्री उशिरापर्यंत अंगणात बसून राहिला. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"ती कोणाच्या ओळखीची?"

"आमच्याच मंडळीतली."

"मग रविवारी भेटत असेल."

बराच वेळ तो खाली बघत राहिला. "आता येत नाही ती."

"तू राजीनामा दिलास तर तिच्या दारात कोण जाईल?"

"दुसरा कोणीतरी."

"आणि तिचं काय होईल?"

"तिचं..." तो थांबला. "तिचं तसंच राहील. मी तेवढा सुटेन."

तिथे तो रडला. मी घाई केली नाही. इतक्या दिवसांचं सगळं ओझं त्या एका वाक्यात उतरलं होतं, आणि ते त्याचं त्याला सापडलं याचं मला आजही समाधान आहे. मी सांगितलं असतं तर त्याने फक्त मान डोलावली असती.

मग आम्ही बायबलमधलं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कहाणी उघडली. जकातदार मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठून येशूच्या मागे गेला, त्याचा शिष्य झाला, हे त्याला पाठ होतं. पण त्यातलाच जक्कयही जकातदारच. त्याला येशूने काम सोड म्हटलेलं नाही. लुबाडलेल्यांना चौपट परत देईन, हे तो आपणहून बोलला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आलेल्या जकातदारांनाही उत्तर मिळालं ते नेमून दिल्यापेक्षा जास्त न घेण्याचं. आणि गरसेकरांच्या प्रदेशातला, येशूने भूतबाधेतून बरा केलेला माणूस तर येशूबरोबर जायला विनवत होता. येशूने त्याला घरी, आपल्या माणसांकडे पाठवलं.

तो बायकोला घेऊन त्या बाईकडे गेला, माफी मागितली. तिने चहा दिला, बोलली काहीच नाही. शेजाऱ्यांसमोर बोलला होता, म्हणून त्यांच्यासमोरही चूक कबूल केली. सूक्ष्मकर्जाच्या, म्हणजे गरीब घरांना दिलेल्या छोट्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला फोन करू नये, धमकी किंवा अपशब्द नकोत, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे निर्देश आहेत. ते त्याने साहेबांपुढे ठेवले आणि सहानंतर मी कोणाकडे जाणार नाही म्हणून सांगितलं. इन्सेंटिव्ह घटला. घरी कुरबुर झाली. ती बाई अजून मंडळीत आलेली नाही.

असाच प्रश्न घेऊन बसलेल्यांना माझं सांगणं आहे. राजीनामा लिहिण्याआधी, आपल्या कामामुळे दुखावलेल्या एका माणसाचं नाव लिहा आणि त्याच्याकडे जा. सोबत कोणीतरी असू द्या. काही महिने तेच काम खोटं न बोलता, कोणाला न दाबता करून बघा. तोटा होईल, तो आधीच घरात बोलून ठेवा. आणि तसं काम वरचे करूच देत नसतील, तर मत्तयासारखं उठा. तेव्हा मंडळीच्या पाळकांशी (धर्मगुरूंशी) बोला, बायकोशी बोला, घरचे हप्ते कसे भागतील त्याचा हिशेब मांडा, आणि मग सोडा.