पहिला घास

"मॅडम, दिवाळीनंतरच्या शनिवारी दहा जणांना जेवायला बोलावलंय. आठवडाभर धड झोप नाही. काहीतरी कारण सांगून रद्द करू का?"

घोडबंदर रोडला राहणारी, ऐरोलीला आयटीत नोकरी करणारी पस्तिशीतली बाई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दिवाळीच्या आसपास असं विचारणारं कुणी ना कुणी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतंच, आणि आल्या आल्या मला मेनू ऐकवतं. हिचा मेनू असा: अळूवडी, भरली वांगी, मटार उसळ, पुऱ्या, मसालेभात, टोमॅटोचं सार, दोन कोशिंबिरी आणि घरी आटवलेली बासुंदी. ऐकूनच मी दमले.

गेल्या वर्षी तिच्या मसालेभाताचा गिचका झाला होता. रोज एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालायची सवय. त्या दिवशी किलोभर तांदूळ घेतले आणि पाणी त्याच हिशेबाने ओतलं. मोठ्या पातेल्यात वाफेवाटे जाणारं पाणी काही तितक्या पटीने वाढत नाही, त्यामुळे तांदूळ वाढले की पाण्याचं प्रमाण थोडं खाली आणावं लागतं. चूक एवढीच होती. तिने मात्र निष्कर्ष काढला, "मला माणसं जेवायला घालता येत नाहीत." शिवाय निघताना एक मैत्रीण म्हणाली होती, "तू बसलीसच नाहीस गं," तो टोमणा म्हणून वर्षभर जपून ठेवलेला.

"लोक जेवत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?" मी विचारलं.

"ओट्यापाशी. पुऱ्या गरम नकोत का?"

"आणि पहिली पुरी वाढल्यावर?"

यावर ती उठली आणि करूनच दाखवलं. हातात नसलेला झारा धरून दाराच्या चौकटीला टेकली, माझ्या तोंडाकडे बघत. काही क्षण तशीच उभी होती. मग हळूच म्हणाली, "आई अशी उभी राहायची. नौपाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा पहिला घास घ्यायचे. बोलायचे काहीच नाहीत. दुसरा घास घेतला की आई पदराला हात पुसून आत जायची."

त्यानंतर मेनूवर आम्ही फारसं बोललो नाही.

विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे (भावनांमागचे अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीचे) जनक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा रोख माणसाच्या हट्टी मागण्यांवर असे. मराठीत त्या मागण्या ओळखायला फार सोप्या, त्यांना शेपटासारखा ‘च’ असतो. ‘जेवण चांगलं व्हावं’ ही इच्छा. ‘जेवण चांगलं झालंच पाहिजे, नाहीतर मी कसली गृहिणी’ ही परीक्षा. पण नुसता ‘च’ खोडून भीती जात नाही. एलिस स्वतः १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरत. त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वनस्पती उद्यानात जाऊन महिनाभरात १०० जणींशी ठरवून गप्पा मारल्या. भेटायला एकच तयार झाली, तीही आली नाही. भीती मात्र बरीच ओसरली. ही गोष्ट ऐकून ती पहिल्यांदा हसली.

तिच्या दोन सवयी मला खटकल्या. वाढण्याआधीच "आज मीठ जरा कमीच पडलंय हं" म्हणून माफी मागून ठेवायची आणि मग दर दहा मिनिटांनी "कसं झालंय?" विचारायचं. अशा सवयी तेवढ्यापुरता धीर देतात आणि भीती जिवंत ठेवतात. कुणी नावं ठेवली नाहीत तर मन म्हणतं, आधी माफी मागितली म्हणून वाचलो. तेव्हा गृहपाठ ठरला: आधी माफी नाही, नंतर विचारणा नाही, आणि पहिल्या पंगतीला स्वतःचं ताट घेऊन बसायचं. बासुंदी विकत आणायची आणि विकतची आहे हे सांगायचं. हे शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं.

आणखी एक. तिच्या नवऱ्याने एका मिनिटात व्हॉट्सअ‍ॅपवर दहा जणांना आमंत्रण दिलं होतं आणि पुढचं सगळं हिच्याकडे. ही काळजी सगळी मनातली नसते. काही वेळा ती निवडायच्या राहिलेल्या दोन जुड्या कोथिंबिरीची असते. त्यावर समुपदेशन कसलं करणार? पुढच्या वेळी मी दोघांना बोलावलं. तो तयार झाला, जरा खजील होऊन. (पाहुण्यांच्या नुसत्या कल्पनेने छाती धडधडत असेल, माणसंच टाळावीशी वाटत असतील आणि हे महिनोन्‌महिने चाललं असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलताही येतं.)

दोन आठवड्यांनी ती आली. अळूवडी रद्द केली होती. पुऱ्या नवऱ्याने तळल्या, निम्म्या फुगल्याच नाहीत. एका मित्राने सलाड चिरलं, काकडीची सालं सिंकमध्ये टाकून ते तुंबवलं. भात मोकळा झाला होता. "कसं झालंय" एकदा तोंडातून निसटलंच, साराच्या वेळी.

"आणि बसलात?"

"बसले. माझा मसालेभात गरम असताना कसा लागतो, मला माहीतच नव्हतं."

"मीठ?"

"उसळीत कमी होतं," ती म्हणाली. "कुणीतरी मागितलं. मी बसल्या जागेवरून बरणी पुढे सरकवली."