बेळगावच्या मेडिकल विद्यार्थ्यांना रुग्णाला निदान सांगण्याचा सराव एआयवर कसा द्यावा?

एआयनं वठवायची रुग्णाची भूमिका नीट लिहा, निम्मं काम तिथंच होतं. उदाहरणार्थ: खानापूरकडची ५२ वर्षांची शेतकरी बाई, शिक्षण चौथी, घरी मराठी, बाजारात कन्नड. थुंकीच्या तपासणीत टीबी निघालाय. मनातली भीती: सूनबाई नातवाला जवळ येऊ देणार नाही. ही भीती विद्यार्थ्यानं विचारल्याशिवाय उघड करायची नाही, अशी सूचना द्या. उत्तरं दोन वाक्यांतच.

फसतं ते इथं: एआय फार समजूतदार होतो. 'स्मिअर पॉझिटिव्ह' (थुंकीत टीबीचे जंतू दिसले) म्हटलं तरी "बरं डॉक्टर, समजलं." म्हणून अट घाला, की अवघड शब्द आला तर गोंधळायचं. शिवाय तो छापील मराठी बोलतो. "मला चिंता वाटते" असं ही बाई म्हणणार नाही. "जीव घाबरतंय बघा" म्हणेल. ओपीडीत ऐकू येणारी दहा-बारा वाक्यं नमुन्यादाखल द्या. खऱ्या रुग्णाचे केसपेपर मात्र अजिबात घालू नका.

संवाद १० मिनिटं, नंतर त्याच्या नोंदीवर शिक्षकांसोबत १५ मिनिटं चर्चा. निदान सांगण्याआधी "तुम्हाला काय वाटतंय?" विचारलं का? सहा महिन्यांचं औषध मध्येच का सोडायचं नाही, हे बाईकडून तिच्या शब्दांत वदवून घेतलं का? हे दोन प्रश्न मला सर्वांत मोलाचे वाटतात. गुण एआयला देऊ देऊ नका, तो सढळ हातानं देतो.

नजर, स्पर्श आणि वाईट बातमीनंतरची शांतता यांचा सराव माणसासमोरच करावा लागतो.