जुळ्यांना टब पुरेना झाल्यावर

अगं, एकटी असशील तर दोघांना एकदम न्हाऊ घालायचा अट्टाहास सोड. एकाची आंघोळ होईस्तोवर दुसरा दाराबाहेर, तुला दिसेल असा, पट्टा लावलेल्या खुर्चीत. रडला तर रडू दे. खाली रबरी चटई हवीच. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. कोपर बुडवून बघ, कोमटच लागलं पाहिजे. ती भरलेली बादली मात्र पोरांच्या हाताला लागू देऊ नकोस. उभं राहू लागलेलं मूल काठ धरून डोकावतं आणि डोक्याच्या भाराने उलटं आत जातं. बुडायला दोन इंच पाणीही पुरतं. काम झालं की बादली पालथी. बेल, फोन वाजले तर वाजू देत. आणि मालिशचं तेल आधी पुसून घे, तेलकट पोर हातातून सटकतं.