इंजिन ओरडते, स्कूटर पळत नाही : वॉरंटीतील ‘झीज’ कोणाच्या माथी?

साताऱ्याच्या एका शिक्षिकेचे पत्र समोर आहे. त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये ११० सीसीची गिअरलेस स्कूटर घेतली. पुस्तिकेनुसार वॉरंटी तीन वर्षे किंवा ३६,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत आहे. पहिल्या वर्षाच्या आतच ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडते, पण गाडी वेग घेत नाही, अशी अवस्था झाली. यवतेश्वरच्या घाटात काटा वीसच्या पुढे सरकेना. अधिकृत सर्व्हिस सेंटरने १८ जुलै २०२४ रोजी, ९,२०० किलोमीटरवर, बेल्ट आणि रोलर बदलले. जानेवारी २०२५ मध्ये, १२,४०० किलोमीटरवर, क्लच शू आणि बेल बदलली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा तोच खर्च सांगितला. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळाले, की हे झीज होणारे भाग आहेत, त्यांना वॉरंटी नाही. नवी गाडी मिळेल का, मानसिक त्रासाचे दोन लाख मागता येतील का आणि पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्यावी का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

या तिन्ही प्रश्नांवर आपले प्रकरण ठरणार नाही. ते वॉरंटी पुस्तिकेतील ज्या एका वाक्यावर ठरेल, त्या पानाचा फोटो आपण जोडला आहे, पण पत्रात त्याचा उल्लेखही केलेला नाही. त्या वाक्यात बेल्ट, रोलर, क्लच शू, ब्रेक शू, केबल आणि बल्ब हे भाग ‘नेहमीच्या वापराने झिजल्यास’ वॉरंटीतून वगळले आहेत. सर्व्हिस सेंटर आपल्याला यादी वाचून दाखवते आणि यादीपुढचे तीन शब्द गाळते. कंपनीने क्लच शूची जबाबदारी सर्वस्वी झटकलेली नसून, नेहमीच्या वापराने झिजलेल्या क्लच शूची झटकली आहे. दुसऱ्या एखाद्या भागाच्या दोषामुळे क्लच शू निकामी झाला असेल आणि तो दुसरा भाग यादीत नसेल, तर हे वाक्य कंपनीच्या कामाचे नाही. अटीचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागत असेल, तर तो ती अट लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व न्यायालयांनी विम्याच्या प्रकरणांत पुष्कळदा लावले आहे. वॉरंटीच्या छापील अटींनाही ते लावावे, असा युक्तिवाद येथे करता येईल.

आता हा दुसरा भाग कोणता, हे समजण्यासाठी डाव्या बाजूच्या झाकणाखाली काय असते ते पाहावे लागेल. मी मेकॅनिक नाही, पण अशा प्रकरणांत उलटतपासणीची तयारी करताना हे झाकण तीन-चारदा माझ्यासमोर उघडले गेले आहे. पुढे इंजिनाच्या दांड्यावर व्हेरिएटर असतो. इंजिनाचे फेरे वाढले की त्यातील रोलर बाहेर ढकलले जातात, पुढच्या पुलीच्या दोन बाजू जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीला क्लच जोडलेला असतो. ठरावीक फेऱ्यांनंतर त्याचे शू बाहेर फेकले जाऊन वाटीसारख्या बेलला आतून घट्ट धरतात, आणि मग चाक फिरते. इंजिन ओरडते पण गाडी पळत नाही, याचा साधा अर्थ असा, की बेल्ट पुलीवर किंवा शू बेलमध्ये कोठेतरी घसरत आहे. ही घसरण कोरड्या झिजेने होते, तशीच तेलानेही होते. मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीत अशा बहुतेक स्कूटर्समध्ये साधारण १०० ते १३० मिलिलिटर तेल असते आणि ते क्लचच्या बाजूला येऊ नये म्हणून एक रबरी ऑईल सील बसवलेले असते. ते सील गळू लागले, की तेल बेलमध्ये उतरते, शूवर चकाकी येते आणि पकड सुटते. पुढच्या बाजूचे, म्हणजे इंजिनाच्या दांड्याचे सील गळले, तर इंजिनाचे तेल बेल्टवर आणि व्हेरिएटरवर येते. गळणारे सील तसेच ठेवून नवे शू बसवले, तर काही महिन्यांत त्यांचीही तीच गत होते.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण शेवटच्या ओळीत, ताजा कलम म्हणून लिहिले आहे : घराजवळच्या मेकॅनिकने झाकण उघडले तेव्हा ‘आतमध्ये ओलसर होते’ आणि त्याने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तो फोटो मी मोठा करून पाहिला. बेलच्या आतल्या कडेला काळा, ओला थर दिसतो. कोरड्या झिजेत राखाडी-काळी भुकटी असते. तिला अशी ओल नसते. एका फोटोवरून सील गळते आहे असे मी शपथेवर सांगणार नाही, कारण पावसाळ्यात बेल्टच्या पेटीत पाणी शिरूनही काही काळ असेच घडते. मात्र हा फोटो डिसेंबरमधला आहे. शिवाय पाणी सुकते आणि गाडी पुन्हा धरते. आपली गाडी दीड वर्ष धरत नाही.

इतके स्पष्ट लिहिल्यावर आता आपल्याला थोडे रागवावे लागेल. त्या मेकॅनिकने फोटो काढल्यानंतर पेट्रोलने सगळे धुतले, शूला पॉलिश पेपर मारला आणि झाकण लावले. गाडी पंधरा दिवस बरी चालली. त्या पंधरा दिवसांसाठी आपण पुरावा धुऊन टाकला आणि ‘अनधिकृत ठिकाणी दुरुस्ती केल्यास वॉरंटी रद्द’ ही अट कंपनीच्या हाती आयती दिली. जानेवारी २०२५ मध्ये काढलेले जुने शू आणि बेल सर्व्हिस सेंटरमध्येच सोडून आलात. जॉबकार्डावर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर, ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात ‘पिकअप नाही’ एवढे दोनच शब्द आहेत आणि तळाशी, ‘काम समाधानकारक’ या छापील ओळीखाली, आपली सही आहे. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिका न वाचता सही केली असती, तर आपण त्याला वर्गाबाहेर उभे केले असते.

तरीही हे सगळे निस्तरण्यासारखे आहे. अनधिकृत दुरुस्तीच्या अटीला उत्तर असे, की दोष मेकॅनिककडे जाण्याच्या आधीपासूनचा आहे आणि ते कंपनीचीच दोन जॉबकार्डे सांगतात; मेकॅनिकच्या हाताने दोष निर्माण झाला, हे कंपनीला दाखवावे लागेल. ‘समाधानकारक’ या सहीला उत्तर असे, की त्यानंतर ४,५०० किलोमीटरमध्ये नव्या क्लचची तीच अवस्था झाली. नेहमीच्या वापराने क्लच इतक्या लवकर दोनदा संपत नाही, असा युक्तिवाद मी करीन. कंपनी म्हणेल, की आपण घाटात ब्रेक अर्धवट दाबून ॲक्सिलरेटर देत होता किंवा ओझे जास्त होते. रविवारी पतींच्या किराणा दुकानाचा थोडा माल गाडीवरून जातो, हे आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे. त्यावरून ‘व्यावसायिक वापर’ असा आक्षेप येईल. पण गाडी आपण शाळेत जाण्यासाठी घेतली आहे आणि स्वतःच्या उपजीविकेसाठी केलेला वापर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मधील स्पष्टीकरणाने व्यावसायिक हेतूत धरला जात नाही, त्यामुळे या आक्षेपाची मला फारशी भीती वाटत नाही.

आता करायचे काय, तर सर्वप्रथम काहीच दुरुस्त करू नका. झाकण उघडू नका, कोणाला उघडू देऊ नका, तेल घालू नका. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि जॉबकार्डावर आपल्या हाताने लिहा : ‘क्लच बेलमध्ये तेल आहे का आणि गिअरपेटीतील तेलाची पातळी किती आहे, हे माझ्यासमोर पाहून येथे नोंदवावे.’ त्यांनी नोंद केली तर उत्तम. नकार दिला तर त्या नकाराचीही कागदावर नोंद मागा, आणि तीही मिळाली नाही, तर त्याच दिवशी ईमेलने कळवा. पातळी कमी निघाली, तर गेलेले तेल कोठे गेले, हे त्यांना सांगावे लागेल. त्यानंतर विक्रेता आणि उत्पादक, दोघांनाही स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. वॉरंटी उत्पादकाची आणि दुरुस्ती विक्रेत्याची, म्हणून दोघेही हवेत. एकालाच प्रतिवादी केले, तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात एक वर्ष घालवतो.

त्यानंतरची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोगातील तक्रार. तिच्यासोबतच त्याच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(२)(ग) खाली गाडीच्या तपासणीचा अर्ज द्या. ज्या दोषाचा निर्णय योग्य चाचणीशिवाय होऊ शकत नाही, तेथे आयोगाने वस्तू तपासणीस पाठवावी आणि अहवाल ४५ दिवसांत यावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेकदा सरकारी तंत्रनिकेतनाच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यंत्र विभागाकडे काम सोपवले जाते. फी आधी आपल्याला भरावी लागू शकते. या अर्जाशिवाय आलेली तक्रार माझ्या मते अर्धी तक्रार आहे, कारण उत्पादनदोष सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे आणि तो केवळ जॉबकार्डांच्या संख्येवर पेलत नाही. त्या फोटोचा मूळ फोन विकू नका, मेकॅनिकचे शपथपत्र आजच घ्या.

तारखेबद्दल मी कोणतीही सूट देणार नाही. कलम ६९ प्रमाणे वादकारण, म्हणजे ज्यावरून तक्रारीचा हक्क निर्माण होतो ती घटना, घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. वादकारण पहिल्या बिघाडाला घडले की डिसेंबर २०२५ च्या नकाराला, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते, आणि वॉरंटी चालू असताना तोच दोष पुन्हा पुन्हा उद्भवला, तर वादकारण चालू राहते असेही म्हणता येते. पण आपण हा वाद ओढवून का घ्यावा? पहिले जॉबकार्ड १८ जुलै २०२४ चे आहे, म्हणून शुक्रवार, १७ जुलै २०२६ हीच शेवटची तारीख धरा. मुदत पाहणे हे आयोगाचे कर्तव्य आहे, समोरच्याने हरकत घेतली नाही तरीही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बी. एस. ॲग्रिकल्चर इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सांगितले आहे. आपण पाठवलेल्या स्मरणपत्रांनी ही मुदत वाढत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर केलेल्या तक्रारीनेही ती थांबत नाही. हेल्पलाइन उपयोगी आहे, कधी कधी त्याच आठवड्यात उत्तर येते, पण ‘प्रलंबित’ असा संदेश पाहून थांबलेल्या दोन अशिलांची प्रकरणे मी मुदतबाह्य होताना पाहिली आहेत. वॉरंटीही ऑगस्ट २०२६ मध्ये संपते आहे, हे वेगळे.

तक्रार साताऱ्यातच द्या. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात ती देता येते, विक्रेता पुण्याचा असला तरी फरक पडत नाही. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने दाखल करण्याचे शुल्क नाही आणि ती ऑनलाइनही देता येते. समोरच्यांना उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. त्यापुढे एकही दिवस नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवले आहे, तेव्हा ४६ व्या दिवशी त्यांचे उत्तर स्वीकारले जात असेल तर लेखी हरकत घ्या. चाचणी लागणाऱ्या तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत लागावा, असेही कायद्यात लिहिलेले आहे. ते वाचून आपण तारखा मोजू नयेत. रिक्त पदे आणि तहकुब्या यांमुळे दीड-दोन वर्षे गृहीत धरा.

नव्या गाडीचा आग्रह धरू नका. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात क्लचचाच दोष होता. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्यापुरतेच वचन असल्याने गाडी बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला नाही, आणि भरपाईवर प्रकरण संपवले. म्हणून मुख्य मागणी अशी ठेवा : सील, शू, बेल आणि बेल्ट विनामूल्य बदलून द्यावेत, आधी घेतलेली दोन्ही बिले व्याजासह परत करावीत, तक्रारीचा खर्च द्यावा, नवी गाडी किंवा किंमत परत, ही पर्यायी मागणी म्हणून शेवटी लिहा. मानसिक त्रासाचे दोन लाख मागण्यास मनाई नाही, मिळण्याची आशा कमी आहे. आकडा फुगवला, की उरलेल्या मागण्याही फुगवलेल्या वाटतात. पोलिसांत जाऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीबद्दलच्या कलम ३१८ ला विक्रीच्या वेळचा कपटी हेतू लागतो, आणि ऑईल सील गळणे म्हणजे तो हेतू नव्हे.

एक राहिले. आपल्या पुस्तिकेच्या यादीत ‘ऑईल सील’ किंवा ‘रबरी भाग’ हे शब्द मला दिसले नाहीत, म्हणून मी इतक्या खात्रीने लिहिले आहे. काही पुस्तिकांत ते असतात. आपण पाठवलेल्या पानाच्या तळाशी ‘पुढील पानावर चालू’ असे छापलेले आहे, आणि ते पुढचे पान आपण पाठवलेले नाही. नोटीस पाठवण्यापूर्वी ते पाठवा.