जमीन ओली, तरी केळी मलूल का? मुळाच्या पेशीपासून उत्तर

रावेर-यावल पट्ट्यातील केळी बागायतदार विचारतात : कांदेबागेला (पावसाळ्याच्या अखेरीस लावलेल्या केळीला) ठिबकमधून पांढरे पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) सोडले, जमीन ओली आहे, तरी दुपारी पाने मलूल पडतात आणि खालच्या पानांच्या कडा करपतात, खत वाढवू की पाणी? शिरपूर-शहाद्याकडून प्रश्न कपाशीचा आहे : लांब उघडीप पडली, मग जोराचा पाऊस झाला आणि पाण्यात उभ्या झाडांनी माना टाकल्या. तिसरा प्रश्न दुपारी केलेल्या फवारणीने पाने भाजल्याचा.

केळीचे आधी. पुढचे पोटॅश थांबवा आणि साधे पाणी द्या.

पांढऱ्या मुळीच्या प्रत्येक पेशीभोवती प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीला वेढणारा पातळ पडदा असतो, जाडी जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर. त्यातून पाणी सहज ये-जा करते, पण विरघळलेले क्षार मोकळेपणाने जात नाहीत. पाणी नेहमी कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूला ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. एरवी पेशीतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून मुळी पाणी खेचते. मुळाशी खताचे द्रावण दाट झाले की ही ओढ कमी होते आणि फारच दाट झाले तर पेशीतले पाणी उलटे बाहेर येते. हाताला माती ओली लागते, पण झाडासाठी तो दुष्काळच.

हिशेब करून पाहा. ६ × ५ फुटांवर एकरी १४५२ झाडे बसतात. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर असतील तर तासाला साधारण ११,६०० लिटर पाणी पडते. ५ किलो पोटॅश घाईने १० मिनिटांत सोडले, तर ते १९०० लिटरच्या आसपास पाण्यातून जाते, म्हणजे लिटरला २.६ ग्रॅम. लिटरला १ ग्रॅम पांढऱ्या पोटॅशने पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप) मीटरला सुमारे १.८ डेसीसायमनने वाढते. बोअरच्या पाण्याची मूळ ईसी १.२ धरली, तर ड्रीपरखाली जवळपास ६ ईसीचे पाणी पडले. केळी हे क्षारांना नाजूक पीक आहे, त्याला हे सोसत नाही. तेच ५ किलो ४५ मिनिटांत सोडले तर लिटरला ०.६ ग्रॅमच्या आत राहते आणि ईसी सव्वादोनच्या आसपास.

म्हणून आधी १५-२० मिनिटे साधे पाणी, मग व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या जोडणीतून) ४५ मिनिटे खत, मग पुन्हा २० मिनिटे साधे पाणी. कोरड्या जमिनीत खत सोडूच नका. लॅटरलच्या (ड्रीपर असलेल्या नळीच्या) शेवटच्या ड्रीपरखाली वाटी धरून ते पाणी ईसी मीटरने तपासा. मात्र युरिया मीटरवर जवळजवळ दिसत नाही, कारण त्याचे आयन (विद्युतभार असलेले कण) होत नाहीत. आकडा कमी आला म्हणून युरिया वाढवू नका. पाणीच खारट असेल तर पांढऱ्या पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. क्षार निर्देशांक, म्हणजे खताने मातीतले पाणी किती खारट होते याचा तुलनात्मक आकडा, पांढऱ्या पोटॅशचा ११६, सल्फेटचा ४६ आहे. ते महाग पडते, पण खारट पाण्याच्या बागेत त्यावाचून गत्यंतर नाही.

खरी फसगत इथे होते : पोटॅशची कमतरताही जुन्या पानांवरच दिसते, म्हणून करपलेली कड पाहून शेतकरी आणखी पोटॅश सोडतो. कमतरतेत जुने पान टोकाकडून नारिंगी-पिवळे होत वाळते. क्षारांच्या त्रासात कडा तपकिरी होऊन करपतात आणि ओल्या वर्तुळाच्या काठावर पांढरी खार साचते. ड्रीपरजवळ थोडे उकरून मुळ्यांची टोके बघा. ती तपकिरी पडली असतील तर खत नाही, पाणी हवे. अशा बागेत वाफसा सांभाळून दोन-तीन पाळ्या साध्या पाण्याच्या, नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या. भारी काळ्या जमिनीत निचरा नसेल तर आधी चर काढा, नाहीतर क्षार तिथेच राहतात.

आता कपाशी. पोटॅश मुळीत आपोआप शिरत नाही. पेशीत ते मातीतल्या पाण्याच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त असू शकते, त्यामुळे चढावर ओढून घ्यायला ऊर्जा लागते. ती ऊर्जा मुळी श्वसनातून मिळवते आणि श्वसनाला हवा लागते. जमीन पाण्याने भरली की हवा संपते, पेशीतली आम्लता वाढते आणि पटलातल्या पाण्याच्या वाहिन्या मिटतात. या वाहिन्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात; त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणून कपाशी पाण्यात उभी राहून सुकते. हा रोग नाही, ही आकस्मिक मर आहे. पहिले काम साचलेले पाणी बाहेर काढणे, तेही त्याच दिवशी. मग १० लिटर पाण्यात युरिया २०० ग्रॅम, पांढरे पोटॅश १०० ग्रॅम आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ग्रॅम मिसळून झाडाच्या बुंध्याशी १५० मिली ओता व माती पायाने दाबा. हे द्रावण दाट आहे. ओल्या जमिनीत ते पातळ होते म्हणून चालते, कोरड्यात देऊ नका.

फवारणीत पानावरच्या मेणाचा थर आडवा येतो आणि थेंब ओला आहे तोवरच खत आत जाते. आपल्याकडच्या उन्हात थेंब मिनिटांत सुकतो, मागे दाट क्षार राहतात आणि तेच पान भाजतात. युरिया २ टक्क्यांच्या वर, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅमपेक्षा जास्त, घेऊ नका; १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) एक टक्का पुरे. वेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. कॅल्शियमची फवारणी पानावर मारून घडाला फायदा होईल ही अपेक्षा ठेवू नका, कारण पानात गेलेले कॅल्शियम फळाकडे जवळजवळ वळत नाही. ते मुळीतून, ठिबकने कॅल्शियम नायट्रेट देऊन पोहोचवावे. पटल घट्ट राहण्यासाठी आणि सोडियमला अडवण्यासाठीही मुळीला ते लागते, म्हणून खारट पाण्याच्या बागेत ते टाळू नका. मात्र त्याच टाकीत सल्फेट ऑफ पोटॅश किंवा स्फुरदाचे कोणतेही खत मिसळू नका. साका बसतो आणि ड्रीपर बुजतात. दोन्हींसाठी वेगळे दिवस ठेवा.