पुणं की कोल्हापूर? विद्यापीठाचं नाव आणि शिकायची जागा

"मॅडम, डिग्री कुठल्या विद्यापीठाची जास्त चालते?" बी.एस्सी., बी.कॉम. झालेल्या मुलांचे पालक दर वर्षी निकाल लागले की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. सांगली-साताऱ्याकडचे लोक कोल्हापूर की पुणं असं विचारतात, रत्नागिरीकडचे मुंबई की पुणं, बीड-जालन्याकडचे संभाजीनगर की पुणं. प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरावर घरातलं सोनं गहाण पडतं, एखाद्या मुलीचं शिक्षण पुढं चालू राहतं किंवा तिथंच थांबतं. त्यामुळे "दोन्ही चांगलीच आहेत हो" असं उडतं उत्तर द्यायला माझं मन घेत नाही.

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या एका घराची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी वाळवा तालुक्यातली, बी.एस्सी. फिजिक्स झालेली. वडिलांचं खत-बियाण्यांचं दुकान. सोबत चाकणला नोकरी करणारे मामा. मुलीला शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूरच्या कॅम्पसवर, फिजिक्सच्या विभागातच एम.एस्सी.ला जागा मिळत होती. पुणे विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागाच्या यादीत तिचा नंबर लागला नव्हता, पण पुण्यातल्या एका संलग्न कॉलेजात प्रवेश होत होता. मामांच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. "मार्कलिस्टवर पुणे विद्यापीठ छापून येणार ना? मग झालं तर. कॉलेज कोण बघतंय?"

वडील कमी बोलत होते, पण तयारी करून आले होते. उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी पट्टीनं रेघ मारून दोन रकाने केले होते, एकावर पुणे, एकावर कोल्हापूर. स्थापना १९४९ आणि १९६२. नॅक, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची श्रेणी, 'ए प्लस' आणि 'ए प्लस प्लस'. खाली केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसमोर पुण्याच्या रकान्यात २०२३ चा विद्यापीठांमधला १९ वा क्रमांक, आणि कोल्हापूरच्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह, कारण पहिल्या शंभरात ते नाव त्यांना सापडलं नव्हतं. "एकात हे वर, एकात ते वर," ते म्हणाले. "आमच्यासारख्यानं धरायचं काय?"

मला त्या वहीचं फार कौतुक वाटलं. लोक ऐकीव माहितीवर पोरांचे निर्णय घेतात, हा माणूस आकडे घेऊन आला होता. म्हणून त्याच आकड्यांपासून सुरुवात केली.

आधी नॅक. पुणे विद्यापीठाला 'ए प्लस' मिळाला तो २०१७ साली, चारपैकी ३.६० गुणांवर. शिवाजी विद्यापीठाला 'ए प्लस प्लस' मिळाला २०२१ साली, ३.५२ गुणांवर. वडिलांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि थांबले. "अहो, पण गुण तर पुण्याचे जास्त आहेत. मग श्रेणी खालची कशी?" पुण्याचं मूल्यांकन झालं तेव्हा 'ए प्लस प्लस'साठी ३.७६ लागत. पुढे नियम बदलले आणि तीच श्रेणी ३.५१ पासून मिळू लागली. पुण्याचं मूल्यांकन जुन्या नियमानं, कोल्हापूरचं नव्या. "म्हणजे मापच बदललंय," ते म्हणाले. आयुष्यभर वजनकाट्यावर बसलेल्या माणसाला हे सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. एक 'प्लस' जास्त म्हणून कोल्हापूर वरचढ, असं सांगत फिरणारा एक चुलतभाऊ त्या घरात होता. त्याचा मुद्दा तिथंच निकाली निघाला. तीन-चार वर्षांच्या अंतरानं, वेगवेगळ्या निकषांवर मिळालेल्या दोन श्रेणी शेजारी ठेवून तुलना होत नाही. बघायचंच असेल तर एकाच विद्यापीठाची मागची-पुढची फेरी बघावी. शिवाजी विद्यापीठ २०१४ मध्ये 'ए' वर होतं, तिथून ते पुढं आलं. हे मात्र खरोखर काहीतरी सांगतं.

मग पुण्याच्या रकान्यातला तो १९. इथं मी जास्त वेळ घेतला, कारण बहुतेक घरांची फसगत इथंच होते. एनआयआरएफमध्ये शंभरातले तीस गुण शिकवण्याच्या सोयी आणि शिक्षकांना, तीस संशोधनाला, वीस मुलांच्या निकालाला आणि पुढच्या वाटचालीला, दहा समावेशकतेला आणि दहा लोकांच्या मनातल्या प्रतिमेला. विद्यापीठ म्हणून हे गुण मोजले जातात ते विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांचे. गणेशखिंडीतल्या कॅम्पसवरचे प्राध्यापक, तिथले शोधनिबंध, तिथली पीएच.डी. करणारी मुलं. पुणे विद्यापीठाला पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं जोडलेली आहेत. त्यांचा हिशेब त्या १९ मध्ये नाही. कॉलेजांची क्रमवारी वेगळी लागते, आणि मामा ज्या कॉलेजाबद्दल बोलत होते त्याचं नाव तिच्यात कुठंच नव्हतं.

"म्हणजे हा नंबर तिच्या कॉलेजचा नाहीच?" मामांनी विचारलं. नाही. त्यांच्या भाचीला विद्यापीठाचं नाव मिळणार होतं, पण ज्या विभागामुळे ते नाव झालं, त्या विभागाचा वर्ग मिळणार नव्हता. कोल्हापुरात उलट होतं. क्रमवारीत नाव खाली, पण जागा विद्यापीठाच्या मूळ विभागात. वडिलांनी आखलेला तक्ता दोन विद्यापीठांचा होता. निवड करायची होती एका कॉलेजात आणि एका विभागात.

राज्य विद्यापीठांबद्दल बोलताना हा भेद कुणी फारसा सांगत नाही आणि मला त्याचा त्रास होतो. संलग्न कॉलेजं वाईट असतात असं मुळीच नाही. पुण्या-मुंबईत, सांगली-कोल्हापुरातही अशी कॉलेजं आहेत की त्यांच्यापुढं विद्यापीठाचा विभाग फिका पडावा. पण ते कॉलेज बघूनच कळतं, विद्यापीठाच्या क्रमांकावरून कळत नाही. शिवाय नाव मोठं म्हणून कारभार चोख असेलच असंही नाही. १८५७ सालच्या मुंबई विद्यापीठानं २०१७ मध्ये सगळ्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. पुढचे प्रवेश अडकलेली मुलं तेव्हा हवालदिल झाली होती. परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लागला पाहिजे, असं राज्याच्या विद्यापीठ कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असताना हे झालं.

एवढा वेळ मुलगी गप्पच होती. मी वडिलांना आणि मामांना बाहेर चहाला पाठवलं आणि तिला विचारलं, बी.एस्सी.च्या तीन वर्षांत तुला सगळ्यात जास्त काय आवडलं? आधी "सगळंच" म्हणाली. मग प्रोजेक्टबद्दल बोलायला लागली आणि आवाजच बदलला. काचेच्या पट्ट्या धुऊन द्रावणात उभ्या करायच्या, बीकर तापवत ठेवायचा. पाण्यासारखं दिसणारं द्रावण हळूहळू पिवळं पडतं आणि पट्टीवर कॅडमियम सल्फाइडचा पातळ थर बसतो. अमोनियाच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा थर एका बाजूनं सुटून आला, तर सरांना न सांगता तिनं पुन्हा पट्ट्या घासल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं. तो थर नीट बसलाय का हे बघायला लागणारं यंत्र कॉलेजात नव्हतं. "नमुना कोल्हापूरला पाठवला होता, विद्यापीठात," ती म्हणाली.

मी विचारलं, मग अडतंय कुठं? खाली बघून म्हणाली, "मॅडम, मी कोल्हापूर घेतलं की सगळे म्हणणार, पुण्यात नंबर लागला नाही म्हणून."

खरी गाठ ही होती. तक्त्यातल्या एकाही रकान्यात ती नव्हती. मी तिला खोटा धीर दिला नाही. पुण्याच्या विभागात नंबर लागला नव्हता, हे खरंच होतं. त्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेत तिच्यापेक्षा इतरांना जास्त गुण पडले, एवढाच त्याचा अर्थ. तो लपवायला म्हणून दोन वर्षं न आवडणाऱ्या जागी काढायची का, हे तिनं ठरवायचं होतं.

पातळ थरांवरचं काम ही शिवाजी विद्यापीठाच्या फिजिक्स विभागाची गेल्या कित्येक वर्षांची ओळख आहे. साध्या रासायनिक पद्धतीनं, बीकरमध्येच थर तयार करायचे आणि त्यातून सौर घट, सेन्सर, सुपरकपॅसिटर यांच्यापर्यंत जायचं, ही तिथली वाट. कॅम्पसवर केंद्र सरकारच्या मदतीनं चाललेलं अद्ययावत उपकरणांचं केंद्रही आहे. तिला जे आवडत होतं ते तिच्या घरापासून एसटीच्या अंतरावर होतं.

याच दिवसांत आलेल्या दुसऱ्या एका मुलाला मी पुण्याचाच आग्रह केला होता, तेही सांगते. त्याला खगोलशास्त्राचं वेड होतं आणि पुण्याच्या विभागात त्याचा नंबर लागत होता. आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्रातल्या दोन्ही संशोधन संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहेत, पाषाणला एनसीएल ही रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था. त्या आवारात दोन वर्षं राहणं, व्याख्यानांना जाऊन बसणं याला त्याच्या विषयात तोड नाही. विद्यापीठ तेच, पण दोन मुलांना उत्तरं वेगळी.

मामांचा एक मुद्दा मात्र मी खोडला नाही. पुण्यात नोकऱ्या आहेत, ओळखी होतात, इंटर्नशिप मिळते. हे खरं आहे, पण तो पुणे शहराचा फायदा आहे. तिला एम.एस्सी.नंतर लगेच आयटीत किंवा एखाद्या कंपनीत शिरायचं असतं, तर मी तो फायदा वरच्या बाजूला धरला असता. तिला शिकवायचं होतं किंवा संशोधन करायचं होतं. त्यासाठी नेट, सेट या प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा द्यायच्या. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठच घेतं, पण तिला बसायला पदव्युत्तर पदवी हवी, ५५ टक्के हवेत, राखीव गटाला ५०. विद्यापीठ मान्यताप्राप्त असलं की पुरे. ते पुण्याचं की कोल्हापूरचं, याला वेगळे गुण नाहीत. एमपीएससीच्या अर्जालाही तसंच.

त्यांना मी घरी पाठवलं ते फोन करायचं काम देऊन. दोन्हीकडे सध्या शिकत असलेल्या मुलांना गाठायचं. कायम शिक्षक किती, सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशेबानं येणारे किती, प्रॅक्टिकलला एका यंत्रामागे किती जण, प्रोजेक्ट प्रयोगशाळेत होतो की इंटरनेटवरून उतरवून बाइंडिंग करून देतात, मागच्या बॅचमधलं कोण कुठं गेलं. मुलगी कोल्हापूरला जाऊन आली. मामांनी पुण्याच्या कॉलेजात अर्ध्या दिवसाची रजा टाकून चक्कर मारली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. फोन त्यांनीच केला. "मॅडम, कॉलेज टापटीप आहे, पण फिजिक्सला कायम शिक्षक दोनच. बाकी तासावर येतात. प्रोजेक्टसाठी मुलं बाहेर जागा शोधत फिरतात." थोडं थांबून म्हणाले, "तिला कोल्हापूरला घाला."

प्रवेश झाला. ऑगस्टमध्ये २०२४ ची क्रमवारी आली. त्या वर्षी राज्य विद्यापीठांचा वेगळा गट पहिल्यांदाच केला होता आणि त्यात पुणे देशात तिसरं आलं, अण्णा आणि जादवपूर विद्यापीठांच्या मागोमाग. वडिलांचा लगेच फोन. "चुकलं का हो आपलं?" मी म्हटलं, तुमच्या वहीत दुसऱ्या यादीचा आकडाही लिहा. सगळ्या विद्यापीठांच्या यादीत हेच पुणे १९ वरून २३ वर गेलंय. पुढच्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, राज्य विद्यापीठांत ते तिसऱ्यावरून अकराव्यावर आलं, एकूण विद्यापीठांत २३ वरून ५६ वर. प्राध्यापकांच्या रिक्त जागांचा विषय तेव्हा वर्तमानपत्रांत चांगलाच गाजला. पुण्यासारख्या विद्यापीठाची अशी घसरण होणं क्लेशाचं आहे, त्यात कुणी आनंद मानू नये. शिक्षकभरतीचं दुखणं राज्यातल्या सगळ्याच विद्यापीठांना आहे, कोल्हापूरलाही. पण त्या गणेशखिंडीच्या विभागात जी मुलं तेव्हा मन लावून शिकत होती, त्यांचं शिक्षण एका वर्षात आठ पायऱ्या खाली गेलं नाही.

या वेळी वडिलांचा फोन आला तो क्रमवारीसाठी नव्हता. मुलगी दुसऱ्या वर्षाला होती, प्रोजेक्ट सुरू होता, नेटचा अभ्यास चालला होता आणि घरात पीएच.डी.चा विषय निघाला होता. "आता मात्र पुणं बघावं का, मॅडम?" बघा की, म्हटलं, आणि मुंबईही बघा. पण पीएच.डी.ला आधी मार्गदर्शक बघायचा. त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का, गेल्या पाच वर्षांत त्यांच्या किती विद्यार्थ्यांचे प्रबंध पूर्ण झाले, फेलोशिप वेळेवर निघते का. आणि ज्यांनी मध्येच सोडलं अशा एखाद्याशी तिनं स्वतः बोलून घ्यावं. वडील म्हणाले, "थांबा, लिहून घेतो."