विंडोज १० असलेला घरचा पीसी कालपर्यंत मिनिटभरात सुरू व्हायचा, आज अचानक सात-आठ मिनिटं घेतोय. हार्ड डिस्क जुनी आहे. काय तपासू?
आधी हार्ड डिस्क तपासा, आणि त्याच्याही आधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करून घ्या, आजच. हळूहळू मंदावलेल्या पीसीत बहुधा जास्तीचे प्रोग्रॅम साचलेले असतात. एका रात्रीत मंदावला तर मला पहिला संशय डिस्कचा येतो. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये हेच वारंवार दिसतं. खराब सेक्टर (डिस्कवरचा माहिती साठवायचा छोटा तुकडा) वाचायला डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि विंडोज तोवर ताटकळत राहतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर चालवा. निळ्याऐवजी पिवळं 'कॉशन' (सावधान) दिसलं, किंवा त्यातल्या यादीत ०५ किंवा सी५ (दोन्ही खराब सेक्टरची मोजणी) या ओळीत शून्याहून मोठा आकडा असला, तर डिस्क बदलाच. नवी घेताना एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) घ्या. बॅकअप होईपर्यंत चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची सोय) चालवू नका, आजारी डिस्कला तो ताण झेपत नाही. डिस्क ठणठणीत निघाली तर टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' उघडून नको असलेले प्रोग्रॅम बंद करा. मात्र विंडोजचं चिन्ह दिसायच्या आधीच खोळंबा होत असेल, तर पेन ड्राइव्ह, प्रिंटर असं यूएसबीला लावलेलं सगळं काढून पुन्हा सुरू करून बघा.